पावसापेक्षा धरणातील आवक जास्त दिसते तेव्हा : घाटमाथ्यावरील पाणलोटाच्या मॉडेलमधील स्केलची तफावत कशी शोधावी आणि कशी दूर करावी

सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावून पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्यांचे जलवैज्ञानिक मॉडेल उभे करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एक अडचण पहिल्याच पावसाळ्याच्या आकडेवारीत भेटते आणि दरवर्षी ती नव्या संशोधकाला, नव्या अभियंत्याला पुन्हा भेटत राहते. मॉडेलने काढलेला प्रवाह धरणात प्रत्यक्ष आलेल्या पाण्यापेक्षा सातत्याने कमी पडतो. पूर कधी चढला, कधी ओसरला हे बऱ्यापैकी जुळते, नॅश-सटक्लिफ गुणांकही (मॉडेलचा आणि मोजलेला प्रवाह किती जुळतो हे सांगणारा आकडा) समाधानकारक येतो. मात्र हंगामाच्या शेवटी एकूण पाण्याची बेरीज केली की मोठी तूट उरते. मग कॅलिब्रेशन, म्हणजे आलेख जुळेपर्यंत मॉडेलचे गुणांक बदलणे, सुरू होते. वक्रांक, म्हणजे सीएन (पावसातील किती पाणी वाहून जाईल हे ठरवणारा आकडा), वाढवला जातो, बाष्पीभवनाचे घटक शक्य तितके दाबले जातात, भूजलात मुरणारे पाणी कमी केले जाते आणि अखेर आलेख एकमेकांवर बसतात. अहवाल सादर होतो. पुढच्या वर्षी तेच मॉडेल शेजारच्या खोऱ्यात वापरले, किंवा त्यात भविष्यातील हवामानाचे आकडे घातले, की ते पुन्हा चुकते, आणि या वेळी कोणत्या दिशेने चुकेल हेही सांगता येत नाही.

मी स्वतः एका पाणलोटावर दोन पावसाळ्यांची आकडेवारी घेऊन असेच सीएन वाढवत राहिलो होतो. दोष मातीच्या गुणधर्मांत नव्हता, जमिनीच्या वापरात नव्हता आणि मॉडेलच्या समीकरणांतही नव्हता. सत्तावीस किलोमीटरच्या चौकटीतला पाऊस, तीस मीटरच्या चौकटीतला उतार, अडीच लाखास एक या प्रमाणाच्या नकाशावरची माती आणि एका बिंदूवर मोजलेली आवक या चार वेगवेगळ्या स्केलच्या, म्हणजे कमी-जास्त बारकाईच्या, गोष्टी जिथे एकत्र जोडल्या जातात, त्या सांध्यात तो दोष होता. कॅलिब्रेशनने तो दुरुस्त होत नाही, फक्त दिसेनासा होतो. म्हणून कॅलिब्रेशनला हात लावण्यापूर्वी काय तपासावे आणि तफावत आढळल्यास काय करावे, हे येथे कोयनेच्या पाणलोटाचे उदाहरण घेऊन मांडले आहे.

शब्दांबद्दल एक खुलासा आधीच करणे बरे. भूगोलाच्या पुस्तकात मोठ्या प्रमाणाचा नकाशा म्हणजे लहान क्षेत्र बारकाईने दाखवणारा नकाशा, तर हवामानशास्त्रात मोठ्या स्केलची घटना म्हणजे हजारो किलोमीटर पसरलेली घटना. एकाच बैठकीत दोन्ही अर्थ वापरले गेल्यामुळे चुकीची आकडेवारी मागवली गेल्याचे मी पाहिले आहे. त्यामुळे या लेखात मी लहान चौकटींसाठी ‘सूक्ष्म’ आणि मोठ्या चौकटींसाठी ‘स्थूल’ हेच शब्द वापरतो.

पहिली तपासणी : आवक मिलिमीटरमध्ये मांडा

पाऊस मिलिमीटरमध्ये, आवक क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) आणि साठा टीएमसीमध्ये, अशा तीन एककांत आकडे समोर असले की त्यांतील विसंगती डोळ्यांना जाणवतच नाही. कोयना धरणाचे पाणलोट क्षेत्र ८९१.७८ चौरस किलोमीटर आहे. एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी, सुमारे २.८३ कोटी घनमीटर भरते. तेवढे पाणी या संपूर्ण पाणलोटावर सारखे पसरले, तर सुमारे ३२ मिलिमीटर जाडीचा थर होतो. आपण ज्या धरणावर काम करतो त्याचा हा एक आकडा पाठ असावा, कारण त्यानंतर बहुतेक चुका तोंडी हिशोबातच सापडतात.

समजा, एका हंगामात १२० टीएमसी आवक झाली. म्हणजे पाणलोटावरून ३,८१० मिलिमीटर पाणी वाहून आले. त्याच हंगामासाठी ग्रिडच्या, म्हणजे चौकटीगणिक एक आकडा देणाऱ्या, आकडेवारीवरून काढलेला पाणलोटाचा सरासरी पाऊस ३,५०० मिलिमीटर आला असेल, तर पडलेल्या पाण्यापेक्षा वाहिलेले पाणी जास्त आहे, आणि कोणतेही सीएन ही गोष्ट शक्य करू शकत नाही. सरासरी पाऊस ४,००० मिलिमीटर आला, तरीही समाधान मानू नये. कारण मग बाष्पीभवन, झाडांनी घेतलेले पाणी आणि जमिनीत मुरून राहिलेले पाणी या सगळ्यांसाठी मिळून पाच महिन्यांत दोनशेपेक्षाही कमी मिलिमीटर उरतात. वाहिलेल्या पाण्याचे पावसाशी गुणोत्तर एकाच्या आत असले तरी ते एकाला चिकटलेले असणे हेही लक्षणच आहे.

मात्र पावसाला दोष देण्यापूर्वी आवकेचा आकडा पूर्ण आहे ना, याची खात्री करावी. कोयनेचे बरेचसे पाणी नदीच्या पात्रात उतरतच नाही. ते बोगद्यातून पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहाकडे आणि पुढे वाशिष्ठीच्या खोऱ्यात जाते. त्यामुळे आवक काढताना साठ्यातील बदल, सांडव्यावरील दरवाजांतून सोडलेले पाणी, पायथा वीजगृहाचा विसर्ग, पश्चिमेकडे वळवलेले पाणी आणि जलाशयावरील बाष्पीभवन हे सर्व धरावे लागते. यातील पश्चिमेचा हिस्सा राहून गेला तर तूट नाहीशी झाल्यासारखे वाटते, आणि दोन चुकांनी एकमेकींना झाकल्यामुळे माणूस निर्धास्त होतो. सह्याद्रीत पाणी पश्चिमेकडे वळवणारी धरणे आणखीही आहेत, म्हणून ही तपासणी फक्त कोयनेपुरती समजू नये.

दुसरी तपासणी : चौकटीत नेमके काय आले आहे ते नकाशावर पाहा

भारतीय हवामानशास्त्र विभागाची १९०१ पासूनची दैनिक पावसाची ग्रिड आकडेवारी आपल्याकडील बहुतेक अभ्यासांचा पाया आहे आणि तिचे मोल फार मोठे आहे. तिच्या दोन बिंदूंमधील अंतर पाव अंशाचे आहे. आपल्या अक्षांशांवर हे अंतर उत्तर-दक्षिण सुमारे २७.७ आणि पूर्व-पश्चिम सुमारे २६.५ किलोमीटर भरते. म्हणजे एका बिंदूच्या वाट्याला साधारण ७३० चौरस किलोमीटर क्षेत्र येते. बिंदूचा पावसाचा आकडा आसपासच्या पर्जन्यमापकांवरून, जवळच्याला जास्त आणि लांबच्याला कमी वजन देऊन काढलेला असतो. पर्जन्यमापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ मात्र २०० चौरस सेंटीमीटर. बादलीएवढ्या तोंडावर पडलेले पाणी सुमारे साडेतीन हजार कोटी पट क्षेत्राचे प्रतिनिधित्व करते. सपाट मुलखात, लांबच लांब पसरलेल्या पावसात हे चालून जाते. घाटमाथ्यावर चालत नाही.

१८.०० उत्तर अक्षांश आणि ७३.७५ पूर्व रेखांश हा ग्रिडबिंदू घ्या आणि त्याच्याभोवती पाव अंशाची चौकट आखा. त्या एकाच चौकटीत महाबळेश्वर येते आणि पाचगणीही येते. वाई चौकटीच्या पूर्व कडेला लागून जेमतेम बाहेर राहते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या साधारण एक तृतीयांश आणि वाईला त्याहूनही पुष्कळ कमी. महाबळेश्वर आणि पाचगणी यांतील हवाई अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. या चौकटीला जो एक आकडा मिळतो, तो महाबळेश्वरचाही नसतो आणि पाचगणीचाही नसतो. तो कोणत्याच गावात पडलेला पाऊस नसतो.

कोयनेचे पाणलोट घाटमाथ्याला समांतर, उत्तर-दक्षिण असे सुमारे ६५ किलोमीटर पसरले आहे. म्हणजे त्याची सरासरी रुंदी १४ किलोमीटरच्या आसपास येते. ग्रिडच्या चौकटीच्या साधारण निम्मी. त्यामुळे या पाणलोटावरील प्रत्येक चौकटीत पश्चिमेला कोकणात उतरणारे कडे तरी असतात किंवा पूर्वेला पर्जन्यछायेतील डोंगर तरी असतात, आणि बहुधा दोन्ही असतात. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत रोज छापून येणारे कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर या तीन केंद्रांचे आकडे आणि ग्रिडने दिलेला आकडा शेजारी शेजारी लिहून पाहिले, तर कोणत्या दिवशी किती सपाटीकरण झाले हे पंधरा मिनिटांत कळते. इतका साधा पडताळा पुष्कळदा राहून जातो.

येथेच मॉडेलच्या आतली एक सवयही तपासावी. स्वॅटसारखी (पाणलोटाचे लहान भाग पाडून प्रवाह काढणारी) मॉडेल प्रत्येक उपपाणलोटाला त्याच्या मध्यबिंदूपासून सर्वांत जवळचे एकच पर्जन्यकेंद्र जोडतात. ग्रिडबिंदूंनाच केंद्र मानून आकडे दिले, तर १७.५० उत्तर, ७३.५० पूर्व हा बिंदूही यादीत येतो, आणि तो जवळजवळ चिपळूण शहरावरच आहे. घाटाखालच्या त्या बिंदूचा पाऊस घाटावरच्या एखाद्या उपपाणलोटाला जोडला गेला, तर मॉडेल कोणतीही सूचना देत नाही. कोणत्या उपपाणलोटाला कोणते केंद्र जोडले गेले याचा तक्ता काढून तो नकाशावर ठेवून पाहावा.

सरासरी आधी की हिशोब आधी

या संपूर्ण विषयाचे मर्म मला ज्या एका लहानशा गणिताने पटले, ते येथे पूर्ण देतो, कारण ते कागदावर स्वतः सोडवल्याशिवाय त्याचा परिणाम जाणवत नाही.

सीएन ७५ असलेली एक चौकट घ्या. सूत्राप्रमाणे जमिनीची धारणक्षमता ८४.७ मिलिमीटर येते आणि तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे १६.९ मिलिमीटर, वाहणे सुरू होण्यापूर्वीच जिरतो. आता चौकटीच्या पश्चिमेकडील अर्ध्या भागात एका दिवसात १६० मिलिमीटर आणि पूर्वेकडील अर्ध्या भागात २० मिलिमीटर पाऊस पडला असे धरा. पश्चिम भागातून ८९.९ मिलिमीटर पाणी वाहते. पूर्व भागातून वाहते ०.१ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दोन्हींची सरासरी ४५.० मिलिमीटर. आता ग्रिड जसे करते तसे करा : आधी पावसाची सरासरी काढा, ती येते ९० मिलिमीटर, आणि त्यावर तेच सूत्र चालवा. उत्तर येते ३३.८ मिलिमीटर. पावसाचा एक थेंबही कमी-जास्त झालेला नाही, माती तीच, सूत्र तेच; फक्त सरासरी आधी काढली म्हणून पाव हिस्सा पाणी हिशोबातून गेले.

ही तूट कॅलिब्रेशनने भरून काढायची ठरवली तर काय होते? ९० मिलिमीटर पावसातून ४५ मिलिमीटर वाहण्यासाठी सीएन ७५ वरून जवळपास ८१.४ वर न्यावा लागतो. म्हणजे मॉडेलच्या मते ती जमीन आता अधिक कठीण, अधिक उघडी झाली. प्रत्यक्षात तिथे जंगल जसेच्या तसे उभे आहे. आणि हा वाढवलेला सीएन त्या एका दिवसाच्या, त्या एका वाटणीच्या पावसालाच लागू पडतो. ज्या दिवशी दोन्ही भागांत सारखाच पाऊस पडेल, त्या दिवशी तोच सीएन पूर जास्तीचा दाखवील. एखाद्या वर्षी कॅलिब्रेट केलेले मॉडेल दुसऱ्या वर्षी विरुद्ध बाजूला का चुकते, याचे कारण बहुधा हेच असते.

ज्या नात्यात कारण दुप्पट झाले की परिणाम दुपटीपेक्षा जास्त किंवा कमी होतो, त्या प्रत्येक ठिकाणी हा प्रश्न उभा राहतो : मातीची धूप, कड्यांवरील दरडी, वाऱ्यामुळे उडणारी धूळ, जलाशयातील शेवाळाची वाढ. अशा ठिकाणी आधी सूक्ष्म पातळीवर हिशोब करावा आणि मग उत्तराची सरासरी काढावी. बाष्पीभवनाच्या मासिक बेरजेसारख्या, सरळ रेषेच्या जवळ जाणाऱ्या नात्यांत मात्र स्थूल सरासरी पुरेशी असते, आणि तिथे उगाच सूक्ष्म ग्रिड वापरून संगणकाचा वेळ घालवण्याचे कारण नाही.

पावसाची दुरुस्ती

येथे दोन निरनिराळे दोष असू शकतात आणि त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. पहिल्या दोषात चौकटीची सरासरी बरोबर असते, पण चौकटीच्या आतली वाटणी हरवलेली असते. दुसऱ्यात सरासरीच चुकलेली असते, कारण आसपासचे बहुतेक पर्जन्यमापक खोऱ्यांतल्या किंवा सपाटीवरच्या गावांत आहेत आणि माथ्यावर क्वचितच आहेत. क्रम महत्त्वाचा आहे. आधी वाटणी दुरुस्त करावी आणि मग सरासरीकडे वळावे.

वाटणीसाठी गुणोत्तराची पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. उपलब्ध केंद्रांच्या दीर्घकालीन मासिक सरासरीवरून जून, जुलै, ऑगस्ट असा प्रत्येक महिन्याचा एक सूक्ष्म नकाशा तयार करावा. मग प्रत्येक दिवशी चौकटीचा स्थूल पाऊस घेऊन त्याला ‘त्या ठिकाणची मासिक सरासरी भागिले चौकटीची मासिक सरासरी’ या गुणोत्तराने गुणावे. यात चौकटीची एकूण बेरीज बदलत नाही, फक्त पाणी जिथले तिथे जाते. त्यानंतर प्रत्येक उपपाणलोटाची क्षेत्रानुसार सरासरी काढून तिलाच त्या उपपाणलोटाचे स्वतंत्र आभासी केंद्र म्हणून मॉडेलला द्यावे. म्हणजे जवळच्या केंद्राची जोडणी चुकण्याचा प्रश्नच उरत नाही.

हा सूक्ष्म नकाशा काढताना केवळ उंचीवर भिस्त ठेवू नये. उंची वाढली की पाऊस वाढतो हा नियम घाटाच्या पश्चिम उतारावर काही अंशी खरा आहे, पूर्वेला नाही. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्या उंचीत शंभर मीटरचाही फरक नाही, तरी पावसात तिपटीचा फरक आहे. म्हणूनच मॉडेलमध्ये उंचीचे पट्टे आखून दर किलोमीटर उंचीमागे अमुक मिलिमीटर पाऊस वाढवण्याची जी सोय असते, ती येथे दिशाभूल करते : ती पाचगणीच्या पठारावर महाबळेश्वरचा पाऊस पाडते. घाटमाथ्याच्या रेषेपासून पूर्वेकडचे अंतर हा मुख्य आधार धरावा आणि उंचीला दुय्यम स्थान द्यावे.

गुणोत्तराच्या पद्धतीलाही मर्यादा आहे. हे गुणोत्तर नैर्ऋत्येकडून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांच्या पावसावरून ठरलेले असते. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस दुपारी पूर्वेकडून दाटून येणाऱ्या ढगांचा असतो आणि त्याला घाटमाथ्याची रेषा माहीत नसते. त्या महिन्यांसाठी वेगळे गुणोत्तर वापरावे, किंवा सरळ ग्रिडचाच आकडा ठेवावा. जुलैचे गुणोत्तर ऑक्टोबरला लावल्यास माथ्यावर नसलेला पूर निर्माण होतो.

वाटणी दुरुस्त झाल्यावरही आवक पावसापेक्षा जास्त किंवा त्याच्या फार जवळ राहिली, तर सरासरीच कमी आहे असे समजावे. तेव्हा आवक, पाणलोटावरील अंदाजे बाष्पीभवन आणि जमिनीत मुरून राहिलेले पाणी यांची बेरीज करून पाणलोटावर किमान किती पाऊस पडला असला पाहिजे हे उलट दिशेने काढता येते आणि त्यानुसार मासिक नकाशा वर उचलता येतो. ही दुरुस्ती करताना एक केंद्र मुद्दाम बाजूला ठेवावे. उदाहरणार्थ, नवजाचे आकडे नकाशा बनवताना वापरूच नयेत आणि शेवटी दुरुस्त केलेला पाऊस नवजाशी ताडून पाहावा. सर्व केंद्रे वापरून टाकली, तर स्वतःचीच चूक पकडायला काही शिल्लक राहत नाही.

उपग्रहावरून मिळणारा ०.१ अंशाचा किंवा ०.०५ अंशाचा पाऊस वापरून हा सगळा खटाटोप टाळता येईल, असे पुष्कळांना वाटते. चौकट लहान झाली म्हणजे माहिती वाढली असे नव्हे. घाटावरचा बराचसा पाऊस कमी उंचीच्या, तुलनेने उबदार माथ्याच्या ढगांतून पडतो, आणि उंच, थंड ढग किंवा बर्फकण यांच्या खुणांवर विसंबणाऱ्या उपग्रहीय पद्धतींना नेमका तोच पाऊस कमी दिसतो. पावसाची वेळ आणि त्याचा पसारा समजून घेण्यासाठी ही आकडेवारी उपयोगी आहे. घाटमाथ्यावरच्या परिमाणासाठी ती पर्जन्यमापकांशी ताडल्याशिवाय वापरू नये.

वेळेची तफावत

जागेइतकीच वेळेचीही तफावत त्रास देते आणि ती शोधणे तुलनेने सोपे असूनही ती सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. २७ तारखेचा म्हणून नोंदवलेला पाऊस हा २६ तारखेच्या सकाळी साडेआठपासून २७ च्या सकाळी साडेआठपर्यंतचा असतो. जागतिक पुनर्विश्लेषणाचा (जुन्या नोंदी हवामान मॉडेलशी जोडून तयार केलेल्या आकडेवारीचा) आणि उपग्रहीय आकड्यांचा दिवस जागतिक प्रमाणवेळेनुसार, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला, बदलतो. धरणाच्या नोंदींची वेळ आणखी निराळी असू शकते. हे सगळे आकडे केवळ तारीख पाहून जोडले, तर पूर एक दिवस आधी किंवा नंतर येतो आणि त्याचा दोष नदीपात्रातील प्रवाहाच्या गुणांकांवर टाकला जातो. पाऊस आणि आवक यांचा एक-दोन दिवस मागेपुढे सरकवून सहसंबंध काढावा. तो नेमक्या एका दिवसाच्या सरकण्याने एकदम सुधारला, तर बहुधा दिवसाच्या सीमेचाच घोटाळा आहे.

२६ जुलै २००५ ची मुंबई या दोन्ही तफावतींचे एकत्र उदाहरण आहे. २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला आणि तेथून वीस-पंचवीस किलोमीटर दक्षिणेला कुलाब्याला ७३ मिलिमीटर. हे अंतर पाव अंशापेक्षा कमी आहे. शिवाय या पावसाचा मोठा भाग दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. शहराच्या गटारांचा हिशोब तासाच्या पावसावर चालतो : मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती. एखाद्या दिवशी २४० मिलिमीटर पाऊस पडला आणि मॉडेलने तो चोवीस तासांत सारखा वाटला, तर ताशी १० मिलिमीटर होतात आणि कुठेही पाणी तुंबत नाही. तोच पाऊस चार तासांत पडला तर ताशी ६० मिलिमीटर होतात. मोठ्या खोऱ्यासाठी दिवसाचे एकक चालेल. शहरासाठी आणि घाटातल्या लहान ओढ्यांसाठी चालणार नाही.

उपग्रहावरून मिळणाऱ्या बाष्पीभवनाच्या आठ दिवसांच्या आकड्यांबाबतही सावध राहावे. मॉडिस या उपग्रहीय उपकरणाच्या आकड्यांत ती आठ दिवसांची बेरीज असते, दैनिक सरासरी नव्हे, आणि वर्षातला शेवटचा गट पाच किंवा सहा दिवसांचाच असतो. डिसेंबरअखेर बाष्पीभवन अचानक घटलेले दिसले, तर आधी हे पाहावे.

जमिनीची आकडेवारी

येथील चुका लवकर सांगता येतील, पण त्या क्षुल्लक नाहीत. जमीन-वापराचा किंवा मातीचा नकाशा एका ग्रिडवरून दुसऱ्या ग्रिडवर नेताना आकड्यांच्या सरासरीची पद्धत निवडली गेली, तर वर्गांच्या क्रमांकांची सरासरी निघते. जंगलाचा क्रमांक ३ आणि पाण्याचा ७ असेल, तर जलाशयाच्या काठाने ५ क्रमांकाची एक बारीक कड उगवते, आणि ५ म्हणजे शेती असेल तर मॉडेल जलाशयाभोवती शेती धरून चालते. वर्गांसाठी सर्वांत जवळच्या चौकटीचा किंवा बहुमताचा वर्ग घ्यावा. त्याहून चांगले म्हणजे प्रत्येक चौकटीत कोणता वर्ग किती टक्के आहे हे जपून ठेवावे, कारण बहुमताने लहान वर्ग पुसले जातात. घाटमाथ्यावरचे जांभ्याचे सडे आणि खोऱ्यांतली भातखाचरे क्षेत्राने लहान असली, तरी पहिल्या पावसाला सड्यावरून पाणी लगेच धावते आणि खाचरांत ते तुंबून राहते. स्वॅटमध्ये दहा-वीस टक्क्यांपेक्षा कमी क्षेत्राचे वर्ग गाळण्याची जी मर्यादा सवयीने ठेवली जाते, ती अशा भागात शून्यावर आणावी.

उताराचेही तसेच. बेसाल्टचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे असतात. तीनशे मीटरचा कडा दीडशे मीटर आडव्या अंतरात उतरतो आणि पुढे साडेआठशे मीटर माळ पसरतो. तीस मीटरच्या उंचीनकाशात हा कडा दोनशे टक्के उताराचा दिसतो, एक किलोमीटरच्या नकाशात तीच जागा तीस टक्के उताराची होते, आणि धुपीचा हिशोब पूर्णपणे पालटतो. म्हणून नव्वद मीटरच्या नकाशावर बसवलेले गुणांक तीस मीटरच्या नकाशावर नेताना कॅलिब्रेशन पुन्हा करावेच लागते. आणखी एक गोष्ट : अवकाशयानातून घेतलेला जो उंचीनकाशा सर्रास वापरला जातो, तो फेब्रुवारी २००० मधला आहे. त्यात कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या जागी नदीचे खोरे नाही, त्या महिन्यातली पाण्याची पातळी आहे.

भविष्यातील हवामानाचे आकडे जोडताना

जागतिक हवामान मॉडेलची एक चौकट साधारण शंभर किलोमीटरची असते. रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यापासून वाईपर्यंतचे अंतर त्याहून कमी आहे. त्या चौकटीला सह्याद्री म्हणजे एक हलकासा चढ वाटतो. घाटमाथा आणि पर्जन्यछाया यांतला भेद तिच्यात नाहीच. असे आकडे थेट कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर या केंद्रांच्या वितरणाशी (किती पाऊस किती वेळा पडतो याच्याशी) जुळवून घेण्याची पद्धत रूढ आहे. तिने प्रत्येक केंद्राचा आलेख स्वतंत्रपणे सुंदर जुळतो, पण एकाच चौकटीतून निघाल्यामुळे सगळी केंद्रे एकाच दिवशी, एकाच प्रमाणात मुसळधार पाऊस दाखवतात. प्रत्यक्षात महाबळेश्वरला ढगफुटीसारखा पाऊस असतो त्या दिवशी पाणलोटाच्या दुसऱ्या टोकाला तो तितकाच असेल असे नाही. परिणामी संपूर्ण पाणलोटाचा कमाल पूर फुगतो. आधी स्थूल पातळीवर स्थूल निरीक्षणांशी जुळवणी करावी आणि मग वर सांगितलेल्या गुणोत्तराने, किंवा पूर्वीच्या तशाच दिवसाची वाटणी उसनी घेऊन, पाऊस सूक्ष्म पातळीवर न्यावा. कोयनेतून किती विसर्ग सोडावा, कऱ्हाड-सांगलीला किती वेळ आधी सावध करावे यांसारख्या निर्णयांपर्यंत हे आकडे पोहोचू शकतात, म्हणून येथे घाई करू नये.

दुरुस्ती लागू पडली हे कसे ओळखावे

कॅलिब्रेशन न करता, मृदा-नकाशातून आणि तक्त्यांतून मिळालेल्या मूळ गुणांकांवरच मॉडेल एकदा चालवावे. दुरुस्तीपूर्वीची आणि दुरुस्तीनंतरची आकारमानातील तूट लिहून ठेवावी. ती नुसत्या पावसाच्या दुरुस्तीने बहुतांशी भरून निघाली, तर दोष स्केलचाच होता. त्यानंतर तेच मॉडेल २५० मीटर, ५०० मीटर आणि एक किलोमीटरच्या चौकटींवर चालवून पाहावे. चौकट बदलल्याने हंगामाची एकूण बेरीज लक्षणीय हलली, तर कुठेतरी अजूनही सरासरी आधी आणि हिशोब नंतर होत आहे. कॅलिब्रेशन करायचेच तर ते यानंतर करावे आणि सीएन मूळ आकड्यापासून किती सरकला हे अहवालात स्पष्ट नोंदवावे.

शेवटी प्रश्न राहतो नकाशाचा. मॉडेलचे उत्तर तीस मीटरच्या रंगीत चौकटींत छापले की वाचणारा तलाठी, कृषी सहायक किंवा सरपंच त्यात स्वतःचे शेत शोधतो, आणि ते त्याच्या दृष्टीने अगदी योग्यच आहे. पाऊस सत्तावीस किलोमीटरवरून आला असेल, तर तो नकाशा शेताबद्दल काहीही सांगू शकत नाही, रंग कितीही बारीक भरले असले तरी. उत्तर उपपाणलोटाच्या पातळीवर एकत्र करूनच छापावे, आणि नकाशाच्या खाली, सूचीच्या शेजारी, पाऊस किती किलोमीटरच्या चौकटीतला आहे, कोणती केंद्रे वापरली, कोणते केंद्र पडताळ्यासाठी बाजूला ठेवले आणि दिवस किती वाजता बदलतो, या चार गोष्टी मराठीत लिहाव्यात.